छोट्या मोटारीचें पेट्रोल : कराडपासून कुंभार्लीपर्यंत

मैल आणि गॅलन हीं मापें भारतांत कायद्यानें मागें पडलीं त्यास साठ वर्षें होऊन गेलीं. १९५६ सालीं वजनमापांचा नवा कायदा झाला आणि पुढील कांहीं वर्षांत मैलाची जागा किलोमीटरनें व गॅलनची जागा लिटरनें घेतली. तथापि मोटारीच्या दुकानांत पाऊल टाकणारा गृहस्थ आजही प्रथम विचारतो तें ‘मायलेज किती?’ असेंच. मैल गेला, मायलेज मात्र राहिलें. शब्दांच्या बाबतींत असें घडतें, त्यांत नवल नाहीं. नवल आहे तें हें कीं, या प्रश्नाचें उत्तर मिळतें दुकानांत आणि पेट्रोलचे पैसे मोजावे लागतात रस्त्यावर. आणि या दोहोंचा मेळ सहसा बसत नाहीं. ही तफावत कशी उत्पन्न झाली याला एक इतिहास आहे. तो समजून घेण्यास सातारा जिल्ह्यांतील पाटणच्या रस्त्याइतकें सोईचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

कराडास कोयना कृष्णेला मिळते. तेथून कोयनेच्या खोऱ्यानें पश्चिमेस निघालेला रस्ता मल्हारपेठेवरून पाटणला येतो. पाटणला केरा नदी कोयनेंत शिरते. पुढें कोयनानगर, हेळवाक, आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. उंसाची सपाटी, गजबजलेली बाजारपेठ, अतिवृष्टीचा डोंगराळ मुलूख आणि सह्याद्रीचा कडा हीं सर्व शंभरएक किलोमीटरांच्या टापूंत एकापाठोपाठ येतात. एकच मोटार या रस्त्यानें नेली तर तिच्या मायलेजचे निदान चार आंकडे निघतील, आणि चारही खरे असतील.

पेट्रोलचा हिशेब मध्यम वर्गाच्या अंगवळणीं पडला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. त्यापूर्वीं मोटार ही संस्थानिक, सरकारी अंमलदार, नामांकित वकील व डॉक्टर यांच्या दारीं दिसणारी वस्तु होती. तिच्या टाकींत किती ओतावें लागतें हें विचारणें जवळजवळ असभ्यपणाचें समजलें जाई. युद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, कुपनें आलीं, आणि ज्याच्याजवळ मोटार होती त्यालाही गॅलनमागें मैल मोजण्याची पाळी आली. पुष्कळ प्रवासी मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या बसल्या. कोळशापासून निघणाऱ्या वायूवर एंजिन चालत असे खरें, पण पेट्रोलच्या मानानें त्याची ताकद बरीच उणी पडे, आणि चढावर अशा गाडीचा दम लवकर सुटे. इंधन आणि चढ यांचें वैर सामान्य प्रवाशाला प्रथम उमगलें तें अशा प्रवासांत.

स्वातंत्र्यानंतर छोटी मोटार म्हणजे फियाट असें समीकरण महाराष्ट्रांत रूढ झालें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत १९५४ च्या सुमारास फियाट ११०० तयार होऊं लागली. पुढें तिलाच ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. या गाडीसाठीं लोक वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहत. ज्या काळीं गिऱ्हाईक दुकानदाराच्या दारांत ताटकळत उभें असतें, त्या काळीं तें मायलेजचा जाब विचारीत नाहीं. कंपनीनेंही आंकडा छापण्याची तसदी घेण्याचें कारण नव्हतें.

हें सुखाचें अज्ञान १९७३ च्या आक्टोबरांत संपलें. अरब राष्ट्रांनीं तेलाची कोंडी केली आणि तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. भारतांत पेट्रोलची किंमत भडकली. त्याच्या निषेधार्थ नोव्हेंबर महिन्यांत अटलबिहारी वाजपेयी बैलगाडींतून संसदेंत आले, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत आहे. त्याच दशकांत इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं ‘मीरा’ नांवाची एक छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेनें सिद्ध केली होती. ती मोठ्या उत्पादनापर्यंत पोहोंचली नाहीं. पोहोंचली असती तर काय झालें असतें याची चर्चा दक्षिण महाराष्ट्रांत अजूनही होते. प्रत्यक्षांत काटकसरीची मोटार मध्यम वर्गाच्या हातीं आली ती १४ डिसेंबर १९८३ पासून, मारुति ८०० च्या रूपानें. तीन नळकांड्यांचें ७९६ घनसेंटिमीटरचें एंजिन आणि फियाटहून बरीच हलकी काया. या दोन गोष्टींनींच निम्मी लढाई जिंकली. मोटारीचें पेट्रोल प्रामुख्यानें वजन ओढण्यांत खर्चीं पडतें, हें साधें तत्त्व घरोघर पटलें तें तिच्यामुळें.

आतां ज्या आंकड्याची जाहिरात होते तो जन्मतो कोठें, हें पाहिलें पाहिजे. पुण्यास वेताळ टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था आहे; तिची स्थापना १९६६ सालची. तिच्या प्रयोगशाळेंत मोटार रस्त्यावर न धांवतां मोठ्या रुळांवर धांवते. चाकें फिरतात, गाडी जागच्या जागीं असते. किती सेकंद उभें राहावयाचें, केव्हां वेग घ्यावयाचा, केव्हां थांबावयाचें, हें सर्व आधीं ठरलेलें असतें; आणि धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बन मोजून किती पेट्रोल जळलें हें काढतात. भारताचें पहिलें चाचणीचक्र शहरांतल्या मंद रहदारीवर बेतलेलें होतें. त्यांत वेग ताशीं ४२ किलोमीटरांपलीकडे जात नसे. इ. स. २००० नंतर मोटारींसाठीं युरोपच्या धर्तीवरचें सुधारलेलें चक्र आलें. त्याची कमाल मर्यादा ताशीं ९० किलोमीटर, आणि सारी चाचणी वीस मिनिटांच्या आंत आटोपणारी. त्यांत चढ नाहीं, उतार नाहीं, वातानुकूलनाचें यंत्र बंद असतें, आणि मागील आसनावर मामा-मामी व फणसाचें ओझें नसतें.

यावरून ही चाचणी खोटी आहे असें कोणीं समजूं नये. ती तराजूसारखी आहे. दोन मोटारी एकाच मापानें जोखावयाच्या तर परिस्थिति एकसारखी ठेवावीच लागते, आणि त्या कामीं ती उत्तम आहे. २००९ च्या मार्चमध्यें टाटांची नॅनो बाजारांत आली तेव्हां तिचा प्रमाणित आंकडा लिटरमागें २३.६ किलोमीटर होता. त्या आंकड्यावरून ती इतर गाड्यांच्या मानानें किती काटकसरी हें कळत होतें, आणि तें बरोबरही होतें. घोटाळा होतो तो पुढें, तोच आंकडा घरच्या जमाखर्चाच्या वहींत जसाच्या तसा उतरविला म्हणजे.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाहीं. अमेरिकेंत तेलटंचाईनंतर सरकारी प्रयोगशाळेचे आंकडे प्रसिद्ध होऊं लागले आणि लोकांच्या तक्रारी आल्या. शेवटीं १९८५ च्या गाड्यांपासून सरकारनेंच शहरी आंकडा १० टक्क्यांनीं व हमरस्त्याचा २२ टक्क्यांनीं कमी करून छापावयास आरंभ केला. युरोपांत ही तफावत २००१ सालीं ९ टक्क्यांच्या आसपास होती. ती वाढत वाढत २०१५ च्या सुमारास ४० टक्क्यांवर गेली, कारण कारखानदार रस्त्यापेक्षां परीक्षेसाठीं गाड्या तयार करण्यांत निष्णात झाले होते. २०१७ पासून तेथें अधिक कडक चाचणी लागू झाली. परीक्षार्थी विद्यार्थ्याची ही जात मोटारींच्या धंद्यांतही आहे, इतकेंच.

पुण्याची टेकडी उतरून पुन्हां कोयनेच्या खोऱ्यांत यावें. कराड ते पाटण हा टप्पा बव्हंशीं सपाट आहे, आणि प्रमाणित आंकड्याच्या सर्वांत जवळ मोटार जाते ती येथेंच. परंतु तेंही केव्हां? ताशीं ५० ते ६० किलोमीटरांच्या स्थिर वेगानें गेल्यास. वेग वाढला कीं हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ६० चा वेग ९० केला तर हवेचा अडथळा सव्वादोन पट होतो. उंसाच्या हंगामांत ट्रॅक्टरमागें ट्रॉल्यांची रांग लागली म्हणजे उलट प्रकार होतो. थांबा, निघा, पुढें काढा. प्रत्येक वेळीं मिळविलेला वेग ब्रेकनें उष्णता करून टाकावयाचा आणि पुन्हां पेट्रोल जाळून मिळवावयाचा. पाटण गांवांत घर ते बाजार असा दीडदोन किलोमीटरांचा फेरा तर सर्वांत खर्चिक. थंड एंजिनाला अधिक पेट्रोल लागतें, आणि तें पुरतें तापण्यापूर्वींच फेरा संपलेला असतो. ज्या घरची मोटार केवळ असे फेरे करते, त्या घरीं मायलेजची तक्रार कायमची वस्तीला असावयाची.

मग घाट. चिपळूण समुद्रसपाटीच्या जवळ, तर कुंभार्लीचा माथा सुमारें सहाशें मीटर उंच. चार माणसांसह एक हजार किलो भरणारी छोटी मोटार तेवढी वर उचलण्यास जी शक्ति लागते ती विजेच्या भाषेंत सुमारें १.६ युनिट होते. एक लिटर पेट्रोलांत जवळजवळ ९ युनिटांइतकी उष्णता असते, परंतु एंजिन तिच्यांतील पाव हिस्सा कसाबसा चाकांपर्यंत पोहोंचवितें; बाकीची धुराड्यांतून व रेडिएटरमधून हवेंत जाते. अर्थात् केवळ उंची चढण्यापायीं पाऊण लिटरच्या जवळपास पेट्रोल अधिक जळतें. सपाटीवर लिटरमागें २० किलोमीटर देणारी गाडी चिपळूण ते पाटण या सुमारें साठ किलोमीटरांत तीनऐवजीं पावणेचार लिटर घेते. म्हणजे आंकडा १६ वर आला. यांत गाडीचा कांहीं दोष नाहीं.

जातांना हें पेट्रोल परत मिळतें, अशी एक समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. उतरणीवर वाचणारें पेट्रोल त्या टप्प्याला सपाटीवर जेवढें लागलें असतें त्याहून अधिक असूंच शकत नाहीं. उतार त्याहून तीव्र असला तर उरलेली शक्ति ब्रेकमध्यें तापून जाते. याच डोंगराच्या पोटांतून कोयनेचें पाणी सुमारें पावणेपांचशें मीटर खालीं पोफळीच्या वीजगृहांत पडतें, आणि १९६२ पासून त्या पतनाची वीज महाराष्ट्राला मिळत आहे. पाण्याच्या उतरणीची किंमत वसूल होते. मोटारीच्या उतरणीची बहुतेक ब्रेकच्या पट्ट्यांत जाते.

येथें एका जुन्या घातक संवयीचा उल्लेख केला पाहिजे. घाटाच्या माथ्यावर एंजिन बंद करून किंवा गिअर काढून गाडी खालीं सोडावयाची, म्हणजे तेवढें पेट्रोल फुकट, असा हिशेब पुष्कळ वाहनचालक करीत आले. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत त्याला थोडा तरी आधार होता, कारण पाय उचलला तरी एंजिन कांहीं पेट्रोल ओढीतच असे. आजच्या इंजेक्शनच्या गाडींत हिशेब नेमका उलटा आहे. गिअरमध्यें ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला कीं पेट्रोलचा पुरवठा आपोआप तुटतो; गिअर काढला तर एंजिन जिवंत ठेवण्यासाठीं तो चालू राहतो. एंजिनाचा अटकाव नाहींसा झाल्यावर सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर निकामी होतो. चमचाभर पेट्रोलासाठीं, आणि तेंही न वाचणाऱ्या, कुंभार्लीच्या वळणांवर जिवाशीं खेळण्याचा हा व्यवहार आहे.

खरें मायलेज काढण्याची रीत मात्र जुनीच आणि सोपी आहे. टाकी भरावी, पंपाची नळी आपोआप थांबेपर्यंत. किलोमीटरांचा आंकडा टिपावा. नेहमींप्रमाणें गाडी वापरावी. पुन्हां त्याच पंपावर तशीच टाकी भरावी, आणि चाललेल्या किलोमीटरांना लागलेल्या लिटरांनीं भागावें. एका वेळच्या भरण्यावर विसंबूं नये. दहा लिटरांत एका लिटराचा कमीजास्तपणा झाला तर उत्तर दहा टक्क्यांनीं चुकतें. तीनचार वेळांची बेरीज करावी. एस. टी. महामंडळानें हाच विचार करून दहा लिटरमागें किती किलोमीटर असें माप धरलें आहे. तेथें एका दशांशाची हेळसांड हजारों गाड्यांनीं गुणली जाते.

लिटरमागें किलोमीटर मोजण्यांत आणखी एक फसवणूक दडलेली आहे. दहा देणारी गाडी बदलून बारा देणारी घेतली तर शंभर किलोमीटरांमागें १.६७ लिटर वांचतात. वीस देणारी बदलून चोवीस देणारी घेतली तर केवळ ०.८३. दुसऱ्या सौद्यांत आंकडा चारांनीं वाढला, बचत मात्र निम्मी झाली. युरोपांतले लोक शंभर किलोमीटरांना किती लिटर असें उलटें विचारतात, तें अधिक शहाणपणाचें होय.

अलीकडे या हिशेबांत कोयनाकांठच्या उंसाचाही शिरकाव झाला आहे. पेट्रोलांत अल्कोहोल मिसळण्याचा विचार १९४८ च्या कायद्याइतका जुना. पण २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचें मिश्रण पंपांवर येऊं लागलें आणि दोन वर्षांत तें सार्वत्रिक झालें. एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश उष्णता असते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालांत या मिश्रणासाठीं न बनविलेल्या जुन्या मोटारींची घट ६ ते ७ टक्के, तर त्यासाठीं जुळवून घेतलेल्या मोटारींची १ ते २ टक्के धरलेली आहे. लिटरमागें २० किलोमीटर देणारी जुनी गाडी यामुळें १८.७ च्या आसपास येते. पाटण ते चिपळूण आणि परत या सुमारें १२० किलोमीटरांच्या प्रवासांत हा फरक चार दशांश लिटरचा होतो, म्हणजे कुंभार्ली चढण्याला जें जादा पेट्रोल लागतें त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक.