फुकट प्रवेश कोणाला? एका शब्दाचा इतिहास



संशोधनाच्या तयारीत एक सवय लावून घ्या. समोरचा नियम आधीपासून असाच होता का, हे विचारायचं. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. कागदपत्रं वाचायची असतात हे मला उशिरा कळलं. तुम्हाला लवकर कळावं म्हणून हे उदाहरण.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्ट घ्या. आज बाहेरगावच्या प्रौढाला तिथे ३० डॉलर मोजावे लागतात. न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशाने मात्र पत्त्याचा पुरावा दाखवायचा आणि किती द्यायचं ते स्वतःच ठरवायचं. पाहताक्षणी वाटतं, संग्रहालयाने स्थानिकांना दिलेली ही सवलत आहे. पण मागे जाऊन बघा.

संग्रहालय १८७० साली स्थापन झालं. सेंट्रल पार्कमधली जागा आणि इमारत शहराच्या मालकीची. १८७८ च्या भाडेकरारात अट होती, की आठवड्यातले चार दिवस दालनं लोकांसाठी विनाशुल्क खुली राहतील. रविवार त्यात नव्हता. आता गंमत बघा: कामगाराला सुट्टी फक्त रविवारी! म्हणजे दार उघडं, पण त्याच्यासाठी बंदच. हजारो सह्यांचे अर्ज गेले, काही विश्वस्तांचा विरोध झाला, आणि शेवटी १८९१ च्या मे महिन्यात रविवारीही दार उघडलं. १८९३ च्या कायद्याने आठवड्यातले पाच दिवस आणि दोन संध्याकाळी प्रवेश मोफत केला.

मग १९७० मध्ये शहराच्या संमतीने 'हवं तेवढं द्या, पण काहीतरी द्या' ही पद्धत आली. मार्च २०१८ पासून बाहेरच्यांना २५ डॉलरचं तिकीट सक्तीचं झालं आणि २०२२ मध्ये ते ३० वर गेलं. सुचवलेली पूर्ण रक्कम जेमतेम १७ टक्के लोक देतात, असं कारण संग्रहालयाने २०१८ मध्ये दिलं होतं. खर्चाची अडचण खोटी नव्हती.

पण मुद्दा लक्षात आला का? जुन्या करारात शब्द होता 'लोक'. आजच्या नियमात आहे 'रहिवासी'. आज जी सवलत वाटते, ती खरं तर आक्रसत गेलेल्या हक्काचा उरलेला तुकडा आहे. नुसती तिकीट खिडकीवरची पाटी वाचली असती, तर आपण निष्कर्ष उलटाच काढला असता.

म्हणून कुठल्याही संस्थेचा अभ्यास करताना तीन गोष्टी शोधा: जागा कोणाची, खर्च कोण करतं, आणि मूळ कागदात नेमका कोणता शब्द आहे.

आणि हो, पीएचडीसाठी न्यूयॉर्क, न्यू जर्सी किंवा कनेटिकटला गेलात, तर कॉलेजचं ओळखपत्र खिशात ठेवा. तिथल्या विद्यार्थ्यांनाही किती द्यायचं ते स्वतःच ठरवता येतं. एका दिवसात सगळं बघायची घाई करू नका, पुन्हा पुन्हा जा.