फेफरे : भुताकडून मेंदूकडे



मी वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. तेव्हा असा विषय मी का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्याच तालुक्यात उसाच्या फडात एक तरुण तोडकरी एकाएकी कोसळला. हातपाय झडू लागले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडला. दोन-तीन मिनिटांत तो आपोआप शांत झाला. पण मुकादमाने सांजेला निकाल दिला : 'याला बाहेरचं आहे, टोळीत नको.' ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता होतो. नवरा गेला, कोयता मोडला. घेतलेली उचल मात्र अंगावर राहिली. मजुरीच्या पैपैसाठी भांडणारा मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मनातून मलाही मुकादमाचे खरे वाटत होते. ती टोचणी राहिली, म्हणून मी या रोगाचा इतिहास वाचू लागलो.

आपण ज्याला फेफरे, मिरगी किंवा फिट म्हणतो, त्याला आयुर्वेदात अपस्मार म्हणतात. म्हणजे स्मृती जाणे. चरकसंहितेने त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार सांगितले. दक्षयज्ञाच्या विध्वंसात हा रोग जन्मला, ही कथाही त्याच ग्रंथात आहे. पण रोग्याला औषध द्यावे, हा विचारही तिथेच आहे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दाबलेला दिसतो, त्याचेही नाव अपस्मारच. तिकडे ग्रीस देशात लोक याला 'पवित्र रोग' म्हणत. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या सुमारास हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथाने ठणकावून सांगितले, की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही. याचे मूळ मेंदूत आहे.

एवढे स्पष्ट सांगूनही ते पटायला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. १८७३ साली इंग्लंडचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी, मेंदूच्या पेशींतून अकस्मात बेसुमार शक्ती बाहेर पडते ती म्हणजे झटका, असा सिद्धांत मांडला. १९२९ साली जर्मनीचे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विजेच्या लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, आणि जे भूत म्हणत होते ते कागदावर रेघांनी उमटू लागले.

झटके सगळे एकसारखे नसतात. मेंदूच्या एकाच भागात सुरू होणारा झटका असतो. त्यात नुसता एक हात उडेल, किंवा माणूस काही क्षण भान हरपून कपडे चाचपत राहील. दोन्ही बाजूंना एकदम सुरू होणारा असतो. त्यात शरीर ताठ होऊन झडते. आणि लहान मुलांत एक असा असतो, की मूल पाचदहा सेकंद शून्यात पाहते आणि पुन्हा लिहू लागते. लक्ष नाही म्हणून अशा मुलाला छड्या बसतात! आपल्या देशात याचे एक मोठे कारण पोर्क टेपवर्म नावाच्या जंताची अंडी अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात जाणे हे आहे. म्हणजे संडास, हात धुणे, भाजी धुणे यांचाही या रोगाशी संबंध आहे.

औषधांचा इतिहास तर याहून आशादायक. १८५७ साली ब्रोमाइड आले, १९१२ साली फिनोबार्बिटोन, १९३८ साली फेनिटॉईन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे, आणि योग्य निदान व औषध मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. फिनोबार्बिटोन तर अगदी स्वस्त आहे. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नयेत.

मग अडते कुठे? अडते ते भीतीपाशी. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात अपस्मार वेडाच्या पंक्तीला बसवला गेला. १९९९ साली तो शब्द वगळण्यात आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले; त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. कायदा सुधारला, फडातला मुकादम आणि घरातली सोयरीक जुळवणारी मंडळी सुधारायची आहेत.

मित्रहो, डोळ्यांसमोर कोणाला फिट आली, तर त्याला कुशीवर वळवा, आसपासच्या टोकदार वस्तू बाजूला करा, घड्याळ पाहा. तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांहून अधिक चालली, तर तडक दवाखाना गाठा. आणि तो शुद्धीवर आला, की दुसऱ्या दिवशी त्याचे काम शाबूत राहील एवढे पाहा. आगीजवळचे वा चालत्या यंत्राजवळचे काम काही काळ टाळावे लागेल. पण काम टाळणे आणि माणूस टाळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

तो तोडकरी पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही. त्याच्या बाजूने जे बोलायचे राहिले, ते आज आपल्यापुढे बोललो, एवढेच.