दुकानाची पाटी केव्हा बदलावी?

- प्रतिनिधी

पिवळ्या पाटीवरची 'एसटीडी, आयएसडी, पीसीओ' ही काळी अक्षरे एके काळी शहरातल्या प्रत्येक नाक्यावर दिसत. रात्री उशिरा दर उतरत, तेव्हा काचेच्या त्या इवल्याशा खोलीपुढे गावाकडे फोन करणाऱ्यांची रांग लागे. अनेक बूथ अपंग व्यक्तींना प्राधान्याने मिळाले होते आणि त्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे चालत होती. आज त्यांपैकी बहुतेक ठिकाणी दुसरेच काही आहे. कुठे झेरॉक्सचे यंत्र, कुठे मोबाइल दुरुस्ती, तर कुठे नुसतेच उतरवलेले शटर.

हा धंदा एका रात्रीत बुडाला नाही. २००३ साली मोबाइलवर येणारे कॉल मोफत झाले, ही पहिली घंटा होती. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशात कुठेही एका रुपयात मिनिटभर बोलण्याची योजना आणली, ही दुसरी. दोन्हींत तीन वर्षांचे अंतर होते. ज्यांनी पहिली घंटा ऐकली त्यांना बूथच्या उत्पन्नातून झेरॉक्सच्या यंत्राचे हप्ते फेडता आले. ज्यांनी दुसरीनंतरही वाट पाहिली त्यांना तेच यंत्र कर्ज काढून घ्यावे लागले किंवा घेताच आले नाही. ध्येय बदलण्याच्या निर्णयात वेळेची किंमत किती मोठी असते, हे या एका उदाहरणावरून कळावे.

लहान व्यावसायिकाची अडचण अशी, की त्याला दोन परस्परविरोधी उपदेश एकाच दमात ऐकवले जातात. 'चिकाटी सोडू नका' आणि 'काळाबरोबर बदला'. दोन्ही खरेच आहेत. प्रश्न आहे तो कोणता केव्हा लागू पडतो, हा.

नांगर आणि सायकल

मराठी माणसाला या बाबतीत लक्ष्मणराव किर्लोस्करांइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे लहानसे दुकान काढले. पुढे ते शेतीच्या अवजारांकडे वळले. आधी चारा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर. हा नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली.

लक्ष्मणरावांनी सायकल सोडली, गाव सोडले, पण न खपणारा नांगर मात्र सोडला नाही. वरवर पाहता हा हट्टच वाटेल. परंतु नकाराचे कारण पाहिले तर उलगडा होतो. शेतकऱ्याला खोल नांगरटीची गरज होती. त्याला भीती होती ती न पाहिलेल्या वस्तूची. अशी भीती शेजारच्या शेतात नांगर चालताना पाहिला की ओसरते. टेलिफोन बूथचा ग्राहक नेमका उलट होता. त्याला बूथ नीट माहीत होता, त्याबद्दल कसलीही शंका नव्हती. त्याला त्याची गरजच उरली नव्हती. पहिल्या नकाराला उत्तर धीर हे आहे. दुसऱ्यापुढे धीर धरणे म्हणजे भाडे भरत राहणे.

म्हणून विक्री घटली की आधी विचारावे, ग्राहक आपल्याकडून घेत नाही, की ती वस्तूच कुणाकडून घेत नाही? तो समोरच्या दुकानात जात असेल तर दोष भावात, मालात किंवा वागणुकीत असू शकतो. तिथे मार्ग बदलावा, ध्येय नव्हे. समोरचा दुकानदारही माश्या मारत बसला असेल, तर मात्र प्रश्न वेगळा आहे.

वही काय सांगते?

मनाला पटण्याच्या कितीतरी आधी ही गोष्ट वहीत उमटलेली असते. समजा, एका स्टेशनरीच्या दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, वीज आणि व्याज मिळून महिन्याला ५० हजार रुपये खर्च होतात. शंभर रुपयांच्या विक्रीत २० रुपये सुटत असतील, तर नुसती तोंडमिळवणी व्हायला अडीच लाखांची विक्री लागते. स्पर्धेमुळे हे २० रुपये १६ वर आले, की तीच विक्री ३ लाख १२ हजार ५०० रुपयांची व्हावी लागते. दुकानात गर्दी तेवढीच, गल्ल्यात रक्कमही तेवढीच, तरीही महिनाअखेर हात आखडतो. मालक म्हणतो, ''धंदा चांगला आहे, पैसाच पुरत नाही.''

यात आणखी एक लपलेला खर्च असतो. मालक स्वतःचा पगार धरत नाही. पत्नी दुपारी गल्ल्यावर बसते, तिचे श्रम धरत नाही. गाळा वडिलोपार्जित असेल तर त्याचे भाडे धरत नाही. वरच्याच उदाहरणात मालकाने स्वतःच्या कष्टाचे २५ हजार रुपये जमेस धरले, तर १६ टक्क्यांच्या नफ्यावर त्याला ४ लाख ६८ हजार ७५० रुपयांची विक्री हवी. आपल्याकडची कितीतरी जुनी दुकाने 'चालतात' ती केवळ हा आकडा कुणी मांडत नाही म्हणून. तो मांडणे कटू असते, पण मुलाने शिक्षण सोडून दुकानात बसायचे की नाही, हे याच आकड्यावर ठरायला हवे.

उधारीकडेही असेच पाहावे. विक्री वाढते आहे आणि पैसे येण्याचे दिवसही वाढताहेत, तर ती वाढ कागदावरची समजावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत, अन्यथा व्याज देय ठरते. पण ज्या एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला जाणार कोण?

एकाच गिऱ्हाइकाचा धोका

हा धोका गिरणगावाने भोगला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या खानावळींना संपाची झळ लगेच लागली. या खानावळी चालवणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या कामगारांना दोन वेळचे जेवण घालत. त्यांच्या स्वयंपाकात काही उणे नव्हते, भावही वाजवीच होते. जेवणाऱ्याच्याच हातात पगार राहिला नाही.

प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले होते. खानावळी ओसरू लागल्या, तेव्हा मंडळ कार्यालयांना जेवण पुरवण्याकडे आणि खाद्यपदार्थ बनवण्याकडे वळले. हात तेच, चूल तीच. बदलला तो जेवणारा. ध्येय बदलणे म्हणजे सारे मोडून नव्याने मांडणे, असा जो समज आहे तो यामुळे दूर व्हावा. आपल्याला काय येते आणि ते आपण कुणाला विकतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बहुधा दुसरीच बदलावी लागते.

कधी कधी तारीख सरकारच ठरवते. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून, कारवाई सुरू झाली. पिशव्या बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला विचार करायला मिळाले ते तेवढेच दिवस. अशा बंदीची चर्चा मात्र राज्यात त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

मर्यादा आधीच लिहून ठेवावी

बुडत्या धंद्यात माणूस 'आणखी सहा महिने' म्हणत राहतो. याचे कारण आळस नसते. वडिलांचे नाव पाटीवर असते, वीस वर्षांचा नोकर समोर असतो, लोक काय म्हणतील हे असते. आणि आधी घातलेला पैसा वसूल व्हावा, ही आशा सर्वांत चिवट असते. वास्तविक गेलेला पैसा थांबल्यानेही परत येत नाही आणि सोडल्यानेही येत नाही. म्हणून मन शांत असतानाच, म्हणजे धंदा बरा चालू असताना, दोन गोष्टी कागदावर लिहून घरातल्यांना दाखवून ठेवाव्यात. घरातून आणखी जास्तीत जास्त किती रक्कम घालायची, आणि कोणत्या तारखेपर्यंत. राहते घर आणि पत्नीचे दागिने या रकमेत धरू नयेत. मर्यादा आली, की दिवाळीचा हंगाम जवळ आहे म्हणून ती पुढे ढकलू नये. हंगाम नेहमीच जवळ असतो.

निर्णय झाला, की तो सर्वांत आधी नोकरांना सांगावा. त्यांना बाजारातून कळण्यापेक्षा मालकाच्या तोंडून कळलेले बरे, आणि नव्या धंद्यात त्यांपैकी कोण उपयोगी पडेल हेही त्याच बैठकीत समजते. कागदपत्रांचे काम मागाहून करू म्हणून टाळले जाते, ते महागात पडते. व्यवसायाचा पत्ता किंवा भागीदार यांसारखे तपशील बदलले, तर जीएसटी नोंदणीत पंधरा दिवसांत दुरुस्ती करावी लागते. धंदा पूर्ण बंद केला तर नोंदणी रद्द करण्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. तो न करता शटर ओढून घेतले, तर शून्य उलाढालीचीही विवरणपत्रे भरणे भाग पडते, आणि न भरल्यास विलंब शुल्क चढत राहते.