पायक्रीट

पायक्रीट : लाकडाचा भुसा किंवा लगदा मिसळून गोठवलेले पाणी, बर्फाच्या मोठ्या बांधकामांसाठी वापरतात. वजनाने सुमारे १४ टक्के लगदा व ८६ टक्के पाणी हे मूळ प्रमाण. साधा बर्फ दाब बऱ्यापैकी सोसतो, ताणाखाली मात्र काचेसारखा तडकतो. लगद्यातील तंतू हा तडा अडवतात. पृष्ठभाग वितळला की भुशाचा थर मागे उरतो व आतल्या बर्फाला ऊब उशिरा लागते.

नाव जेफ्री पाइक या इंग्रज कल्पकावरून पडले. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकच्या मध्यावर विमाने उतरवण्यासाठी त्याने बर्फाचे जहाज सुचवले. ‘हबाकुक’ नावाच्या या योजनेतील जहाजाची लांबी सुमारे ६०० मीटर ठरली होती. लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालील शीतगृहात मॅक्स पेरुट्झ (पुढे १९६२चे रसायनशास्त्राचे नोबेल) यांनी गुप्तपणे चाचण्या घेतल्या. बंदुकीच्या गोळीलाही हा पदार्थ दाद देत नसे, या गोष्टीचीच चर्चा फार झाली. खरी अडचण वेगळी होती. सततच्या भाराखाली पायक्रीट हळूहळू वाकत जाते. हे थोपवायचे तर सुमारे उणे १५ अंश सेल्सिअस तापमान राखायला हवे, म्हणजे जहाजभर शीतयंत्रणा आणि तिच्यासाठी पोलाद. १९४३मध्ये कॅनडातील पॅट्रिशिया सरोवरात सुमारे हजार टनांचा नमुना तरंगला, तोही मुख्यतः साध्या बर्फाचा. तोवर लांब पल्ल्याची विमाने आली, अझोर्स बेटांवरचे तळ मिळाले आणि योजना बारगळली.

अलीकडे आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठाने हा पदार्थ पुन्हा हाती घेतला. फिनलंडमधील युका येथे २०१४ साली हवेने फुगवलेल्या साच्यावर भुसामिश्रित पाण्याचे थर फवारून सुमारे ३० मीटर व्यासाचा घुमट गोठवला. घट्ट झाल्यावर आतली हवा सोडली. कवच पातळ असले, तरी घुमटाच्या आकारामुळे भार बहुतेक दाबरूपानेच वाहतो, त्यामुळे ताणाखाली तडकण्याची बर्फाची उणीव आकारच भरून काढतो. चीनमधील हार्बिन येथे २०१८च्या सुमारास याच पद्धतीने सुमारे ३० मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. तेथे भुशाऐवजी कागदाचे तंतू होते.

लडाखमधील सोनम वांगचुक यांचे ‘आइस स्तूप’, म्हणजे पाणी गोठवून उभारलेले बर्फाचे शंकू, या जातीचे नव्हेत. त्यांत काटक्यांचा सांगाडा असतो, मात्र तो पाणी धरून गोठवण्यासाठी. शंकूला ऊन कमी पृष्ठभागावर लागते, म्हणून बर्फ वसंतापर्यंत टिकतो आणि पेरणीच्या वेळी शेताला पाणी मिळते.