संगणकीय शब्दकोश

संगणकावर टंकित केलेल्या किंवा पडद्यावरील मजकुरातून निवडलेल्या शब्दाचा अर्थ दाखविणारी आज्ञावली व तिला जोडलेली शब्दसामग्री, यांस मिळून संगणकीय शब्दकोश म्हणतात. आज्ञावली व शब्दसामग्री ही दोन अंगे परस्परांपासून वेगळी केल्यामुळे एकाच आज्ञावलीत अनेक भाषांचे कोश बसविणे शक्य झाले. या साधनाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

रिकर्ड फेथ व ब्रेट मार्टिन यांनी १९९७ मध्ये ‘डिक्ट’ ही संदेशवहनाची नियमावली प्रसिद्ध केली. तीनुसार कोश दूरच्या संगणकावर राहतो आणि वाचकाची आज्ञावली तेथून अर्थ मागविते. पुढे आलेल्या ‘स्टारडिक्ट’ या आज्ञावलीत कोश वाचकाच्याच संगणकावर तीन धारिकांत असतो. पहिलीत कोशाचे नाव, शब्दसंख्या इ. माहिती, दुसरीत क्रमवार शब्दसूची व प्रत्येक शब्दाच्या अर्थाचे स्थान आणि तिसरीत प्रत्यक्ष अर्थ असतात. सूचीवरून स्थान कळताच तेवढाच मजकूर वाचला जातो. त्यामुळे मोठ्या कोशातही शोध त्वरित लागतो. ‘गोल्डनडिक्ट’ ही आज्ञावली भिन्न रचनांचे कोश एकत्र वाचू शकते. नव्या भाषेच्या धारिका ठरलेल्या जागी ठेवून त्यांची सूची करवून घेतली की वरकरणी काम संपते.

मराठीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. पहिला प्रश्न अक्षरांच्या संकेतांचा. देवनागरीचे निरनिराळे टंक आपापले संकेत वापरीत असल्याने एका टंकातील मजकूर दुसऱ्यात निरर्थक ठरे. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली व तीत देवनागरीस स्थान मिळाले, मराठीस आवश्यक असे ‘ॲ’ हे अक्षर तीत २००८ मध्ये आले. ‘दऱ्या’ यासारख्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे नोंदविता येतो. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यामुळे यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. वर्णक्रमाचाही भेद आहे. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे ‘ल’च्या लगेच नंतर येते, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते.

दुसरा प्रश्न शब्दरूपांचा. कोशात ‘पाणी’ व ‘फूल’ अशा नोंदी असतात, मजकुरात मात्र ‘पाण्यात’, ‘फुलांना’ अशी रूपे येतात. केवळ अक्षरे जुळवून पाहणाऱ्या आज्ञावलीस ती सापडत नाहीत. हंगेरियन भाषाही अशीच प्रत्ययबहुल असल्याने लास्लो नेमेथ यांनी ‘हनस्पेल’ ही शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली रचली. तीत शब्दांची यादी व प्रत्ययांचे नियम स्वतंत्र ठेवलेले असतात. ‘गोल्डनडिक्ट’मध्ये तिच्या साहाय्याने रूपावरून मूळ शब्द शोधता येतो. मराठीसाठी या नियमांत सामान्यरूपाची व्यवस्था असावी लागते.

तिसरा प्रश्न जुन्या कोशांचा. जे. टी. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून संगणकावर उपलब्ध झाले आहेत. त्यांतील लेखन मात्र जुने आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ मध्ये शासनमान्य झाल्यावर उच्चारात नसलेले अनुस्वार, व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा न होणारे, गळाले. पूर्वी नामवाचक ‘नांव’ व होडीवाचक ‘नाव’ हे शब्द लेखनात वेगळे होते. आता दोन्ही ‘नाव’ असेच लिहिले जातात. आजचा वाचक नाम या अर्थाचा शब्द शोधू लागला, तर जुन्या कोशात त्याला होडी सापडते. म्हणून अशा कोशाला नव्या लेखनाची पर्यायी सूची जोडणे आवश्यक असते. ती नसेल, तर शब्द कोशात असूनही वाचकाच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच राहतो.