खोड्यात बसलेला मालक

कॉलेजात असताना मी डार्विनचं ‘बीगल’ जहाजावरच्या प्रवासाचं पुस्तक फोनवर वाचलं. जीवाश्मं आणि पक्षी वाचायला गेलो होतो, पण लक्षात राहिला अर्जेंटिनातला गुरांचा एक मालक. त्याचा किस्सा मी भेटेल त्याला ऐकवायचो.

हुआन मानुएल दे रोसासच्या कुरणांवर नियम होता की रविवारी कुणी कमरेला सुरा लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दारू, जुगार, भांडणं व्हायची आणि सुरा हाताशी असला की मुडदे पडायचे. एका रविवारी गव्हर्नर भेटायला आले. रोसास गडबडीत बाहेर आला, सुरा कमरेला तसाच. कारभाऱ्याने दंडाला हात लावून आठवण केली. रोसासने पाहुण्यांची माफी मागितली आणि स्वतः खोड्यात जाऊन बसला. थोड्या वेळाने कारभाऱ्याची समजूत घालून त्याला सोडवण्यात आलं. सुटल्याबरोबर तो कारभाऱ्याला म्हणाला की आता नियम तू मोडलास, माझ्या जागी तू बस.

मालकालाही तोच कायदा! मला हे जाम आवडलं होतं. असाच एखादा देश चालवायला हवा, असंही मी म्हणायचो.

अर्जेंटिनातल्या लोकांनी नेमकं तेच केलं.

१७९३ साली जमीनदार घराण्यात जन्मलेल्या रोसासने १८१५ मध्ये भागीदारांसोबत मांस खारवण्याचा कारखाना काढला. पाम्पाच्या गवताळ मैदानांवर गुरं अमाप होती, पण ताजं मांस लांब पाठवायची सोय नव्हती. कातडी परदेशात जायची आणि खारवलेलं मांस ब्राझील व क्युबातल्या गुलामांच्या जेवणासाठी. त्या पैशातून जमिनी आल्या. गाउचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, त्याला आपला मानत. तो त्यांच्यासारखे कपडे घालायचा आणि घोडेस्वारीत त्यांना हार जायचा नाही. त्यांचीच फौज घेऊन तो पुढे आला आणि १८२९ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांताचा गव्हर्नर झाला.

मुदत संपल्यावर विधानसभा विशेषाधिकार द्यायला तयार नव्हती. त्याने पद नाकारलं आणि दक्षिणेत मूळ रहिवाशांच्या मुलखावर मोहीम काढली. तिथल्या छावणीत, ऑगस्ट १८३३ मध्ये, २४ वर्षांचा डार्विन त्याला भेटला. तोही भारावला. हा माणूस देशाचं भलं करेल असं दिसतं, असं त्याने लिहून ठेवलं.

१८३५ मध्ये रोसास परतला तो सगळी सत्ता एकहाती घेऊन. शहरात मतदानही झालं. बाजूने नऊ हजारांहून जास्त मतं पडली, विरोधात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग प्रत्येकाच्या छातीवर लाल फीत आली, गुरांवर मालकाचा डाग असावा तशी. त्याचं चित्र चर्चच्या वेदीवर गेलं. ‘मासोर्का’ नावाची टोळी विरोधकांचे गळे चिरू लागली. कामिला ओ’गॉर्मन ही तरुणी एका पाद्र्याबरोबर पळून गेली, म्हणून १८४८ मध्ये रोसासच्या हुकमाने दोघांना गोळ्या घातल्या. ती गरोदर होती. खटला चाललाच नाही.

१८४५ मध्ये इंग्रज-फ्रेंच आरमाराला त्याने पाराना नदीवर टक्कर दिली, हेही खरं. त्यामुळे आजही अनेकांना तो राष्ट्रवीर वाटतो. २० पेसोंच्या नोटेवर त्याचा चेहरा छापला गेला. १८५२ मध्ये कासेरोसच्या लढाईत त्याला हरवणारा उर्किसाही गुरांचा बडा मालकच होता. रोसास इंग्लंडला पळाला, साउदॅम्प्टनजवळ शेती करत राहिला आणि १८७७ मध्ये तिथेच वारला. त्याचे अवशेष मायदेशी आले १९८९ मध्ये.

डार्विनच्या पुस्तकाच्या १८४५ च्या आवृत्तीत त्या कौतुकाखाली एक तळटीप आहे. आपला अंदाज साफ चुकला, अशी कबुली त्याने तीत दिली आहे. फोनवर तळटिपा पुस्तकाच्या शेवटी जातात. मी ती उघडलीच नव्हती.

आता तो किस्सा सांगताना मी कारभाऱ्यापाशी थांबतो. नियम मालकाचा होता, खोडा मालकाचा होता, आणि त्यात कधी बसायचं हेही मालकानेच ठरवलं. कारभाऱ्याने नियम पाळला तेव्हा मालकाचं नाव झालं. त्याने दया दाखवली तेव्हा तो स्वतः खोड्यात गेला. त्याला कुणी सोडवलं का, ते डार्विनने लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मलाही तो प्रश्न पडला नव्हता.