तळटीप : १९३९ची नोंदवही

* मूळ लेखात जिला ‘१९३९ची जनगणना’ म्हटले आहे, ती जनगणना नव्हे. युद्ध सुरू होताच ओळखपत्रे आणि पुढे शिधापुस्तके देता यावीत म्हणून २९ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये घरोघर झालेली ही नोंद. इंग्लंड-वेल्सची १९३१ची जनगणना १९४२च्या आगीत जळाली, १९४१ची झालीच नाही. त्यामुळे १९२१ आणि १९५१ यांच्या मधल्या काळात पूर्वजांचा माग काढणाऱ्याला मोठा आधार हाच. जनगणनेत वय असे, इथे पूर्ण जन्मतारीख मिळते. मात्र जन्मस्थळ नाही, कुटुंबप्रमुखाशी नाते नाही. सैन्यात दाखल झालेले तरुणही बहुधा सापडत नाहीत. पुढे राष्ट्रीय आरोग्यसेवेने हीच वही वापरली. त्यामुळे लग्न झालेल्या बाईचे माहेरचे आडनाव खोडून वर सासरचे लिहिलेले दिसते. ही खाडाखोड मला सर्वांत मोलाची वाटते. एकाच ओळीत दोन्ही घरे हाती लागतात. जन्माला शंभर वर्षे न झालेल्या आणि मृत्यूची खात्री न पटलेल्या माणसांच्या ओळी झाकलेल्या असतात. म्हणून घरातले एखादे मूल यादीत दिसले नाही, तर ते नव्हतेच असे वाचकांनी कृपया धरून चालू नये. — संपादक